पोरगी कुणाच्या ताब्यात होती

दिवाळी अंकाच्या संपादकांचा फोन आला. म्हणाले, "हवालदारसाहेब, एखादी थरारक केस लिहा. खून, दरोडा, असलं काहीतरी." मी म्हटलं, साहेब, तुम्ही चुकीच्या माणसाला धरलंत. तेहतीस वर्षं खाकी घातली, पण चोराच्या मागं पळालो ते एकदाच, आणि तोही मला वळून "सावकाश या" म्हणून निघून गेला. बाकी सगळा जन्म खुर्चीवर बसून लिहिण्यात गेला. ठाण्यात लिहायचं काम करणाऱ्या हवालदाराला आमच्या मराठवाड्यात मोहरर म्हणतात. निजामाचं राज्य गेलं, शब्द तेवढा आमच्या टेबलावर राहिला.

मोहररचं काम सांगतो. लोक रडत, ओरडत, एकमेकांची गचांडी धरून ठाण्यात येतात. त्यांच्या बोलण्यातून शिव्या गाळायच्या आणि उरेल त्याचा जबाब लिहायचा. आमच्या भाषेत माणूस नसतो, इसम असतो. मेलेला माणूस म्हणजे मयत. एका म्हातारीची कोंबडी चोरीला गेली तर तिचंही वर्णन मी नमुन्याप्रमाणेच लिहिलं होतं: रंग तांबडा, बांधा मध्यम, चेहरा उभट. साहेबांनी सही केली, कारण चूक काढावी तर नेमकी कुठली हेच त्यांना कळेना. एका शेतकऱ्याची तक्रार होती की भाऊ बांधावर उभा राहून आपल्याकडं बघतो. "नुसतं बघतो?" "साहेब, लई बघतो." ती सुद्धा लिहिली. माझं अक्षर मोत्यासारखं होतं आणि पेन जीपच्या आधी घटनास्थळी पोचायचं, असं लोक म्हणायचे. मला ते कौतुक वाटायचं. एक दिवस त्याच पेनानं माझा घात केला, तेवढं सांगतो.

केज तालुक्यातलं ठाणं, युसूफ वडगावच्या अलीकडं की पलीकडं ते विचारू नका. दुष्काळाचं साल. सोसायटीनं गावाबाहेर जनावरांची छावणी काढलेली, पाणी टँकरचं. टँकर आला की सरळ गावच्या विहिरीत रिकामा करायचा आणि बायांनी ते पोहऱ्यानं शेंदून घ्यायचं, अशी आमची पद्धत. अर्धं गाव ऊस तोडायला लांबच्या साखर कारखान्यांवर गेलेलं. धडधाकट नवरा-बायको जातात, उसाच्या फडाजवळ कोपी म्हणजे पाचटाची झोपडी घालून राहतात आणि लहान लेकरं मागं आजीकडं, आत्याकडं ठेवतात. मोबाईल अजून लोकांच्या खिशात आले नव्हते. त्या दिवशी एका सहकारी बँकेची निवडणूक होती, त्यामुळं फौजदारासकट सगळं ठाणं बंदोबस्ताला गेलेलं. मागं मी, एक टेबल आणि एक फोन.

सकाळी दहाच्या सुमाराला एक बाई धापा टाकत आली. पंचेचाळीशीची, अनवाणी, पदरात काहीतरी घट्ट धरलेलं. माझ्या टेबलासमोर उभी राहून म्हणाली, "मला आत टाका."

"काय केलं?"

"भाची मारली."

तिनं पदर उघडला. आत एक लहान चप्पल, लाल पट्ट्याची.

बाईचं नाव केवळबाई. नवऱ्यानं टाकलेली, भावाकडं राहणारी. भाऊ बाबू आणि भावजय संगीता कारखान्यावर गेलेले, त्यांची पाच वर्षांची पूजा आत्याच्या हवाली. सकाळी टँकर आला, केवळबाई घागर घेऊन धावली, पूजा मागं. विहिरीवर बायांची ही रेटारेटी. दोन घागरी घरी टाकून केवळबाई परत आली तर पूजा नाही. विहिरीच्या ओट्याखाली तेवढ्या चपला. आमच्याकडं पिण्याच्या पाण्याच्या विहिरीवर चप्पल घालून कुणी चढत नाही, पोरांनाही ती सवय असते. चपला खाली, पोरगी गायब, विहिरीत नुकतंच ओतलेलं पाणी. बाईनं गावभर हाका मारल्या, तासभर शोधलं, आणि शेवटी एक चप्पल उचलून तीन किलोमीटर पळत ठाण्यात आली.

इथं कायदा थोडा समजून घ्या. लेकरू बुडून, पडून गेलं तर पहिल्यांदा अकस्मात मृत्यूची नोंद होते. मग आमचा प्रश्न असतो की पोरगी कुणाच्या ताब्यात होती, आणि त्यानं हयगय केली का? हयगय ठरली तर गुन्हा, दोन वर्षांपर्यंत शिक्षा. मग तो मामा असो, आजी असो. अशी खरी प्रकरणंही माझ्या हातून लिहिली गेली. ती मी इथं सांगणार नाही, दिवाळीचा अंक आहे, आणि ती सांगायला माझा धीरही होत नाही.

साधा नियम असा की आधी जाऊन बघायचं, मग लिहायचं. पण समोर कोरा कागद, हातात पेन आणि बाई आपण होऊन बोलतेय! मी सुरू झालो. "मयत नामे पूजा, वय पाच, बांधा सडपातळ." केवळबाईनं विचारलं, "मयत म्हंजी?" मी म्हटलं, "गेलेली." तिनं असा हंबरडा फोडला की बाहेर बांधलेलं जप्तीचं शिंगरू दावं तोडून पळालं.

पण जबाब मात्र तिनं पुरा दिला. मी थांबवायला बघत होतो, ती थांबेना. "लिवा, माझीच चूक हाय. लिवा, येणी घालताना हालली म्हनून मी तिला सकाळीच धपाटा घातला. लिवा, परवा तिच्या वाटचा गूळ मी खाल्ला." मी म्हटलं, "गुळाचं नको." "लिवा म्हनते ना!" लिहिलं. "अन हे लिवा की माझ्या भावजयीला कुनी काई इचारू नका. तिनं माझ्यावर भरवसा टाकला, ह्यात तिचा काई गुन्हा न्हाई." अंगठा उमटवला आणि आपण होऊन कोठडीत जाऊन बसली. दाराला कुलूप नव्हतं, तर मला म्हणाली, "कुलूप लावा की."

आता खरं तर पोलिसापुढं दिलेला असला कबुलीजबाब कोर्टात चालत नाही. न्यायाधीश त्याच्याकडं बघतसुद्धा नाहीत. पण मला कुठलं भान! मी अकस्मात मृत्यूचा नंबर टाकला, एक प्रत तहसीलला रवाना केली आणि फोन उचलून बाबू-संगीताच्या कारखान्याच्या शेतकी ऑफिसला लावला. तिकडच्या क्लार्कनं विचारलं, "नक्की ना हो?"

मी म्हटलं, "ठाण्यातून बोलतोय."

ह्या एका वाक्याचा मला आजही राग येतो. प्रेत बघितलेलं नव्हतं, विहीर बघितलेली नव्हती, आणि मी छाती फुगवून सांगत होतो.

केवळबाईला मोटारसायकलवर मागं बसवून गावात गेलो. विहिरीभोवती जत्रा. पोलीस आल्याशिवाय पाण्यात उतरायचं नाही असं सरपंचांनी ठरवलेलं. सोसायटीचे चेरमन मला बाजूला घेऊन म्हणाले, "साहेब, तपास करा, पर पानी गढूळ करू नका. चार दिसांचं पानी हाय." मी म्हटलं, मग आधी उपसा. झालं! हा शब्द तोंडातून निघायचा अवकाश, अख्खं गाव तपासकामाला मदत करायला धावलं. घागरी, बादल्या, हंडे, लग्नातलं घंगाळ. एका म्हातारीनं तांब्या आणला. तासाभरात विहीर कोरडी आणि घराघरांत पिपं काठोकाठ. असला उत्साह मी श्रमदानाच्या सप्ताहात बघितला नव्हता.

शेवटी गुडघाभर गाळात एक पट्टीचा गडी उतरला. पायानं चाचपायला लागला. केवळबाई डोळे मिटून जमिनीवर बसलेली. खालून आवाज आला, "लागलं!"

वर आली एक कळशी. नाव कोरलेली. चार वर्षांपूर्वी हरवलेली, आणि जिच्या चोरीचा आळ धाकट्या जावेवर घेऊन थोरल्या जावेनं तेव्हापासून बोलणं टाकलेलं. दोघी तिथंच हजर. धाकटी म्हणाली, "बघ गं सटवे, कुनी चोरली ते!" मी ओरडलो, "अहो, मयत शोधतोय!" कुणी ऐकेना. मग आली एक बादली. मग सोसायटीच्या रेशन दुकानातलं दोन किलोचं वजन, ज्याच्या चोरीची फिर्याद मीच लिहिली होती. चेरमन दुसरीकडं बघायला लागले. मी पंचनाम्यात सगळं उतरवलं. पोरगी काही मिळाली नाही.

तेव्हा कुठं माझ्या डोक्यात उजेड पडला की आपण मयत लिहिलंय, आणि मयताचा पत्ताच नाही.

इकडं छावणीत दुसराच घोळ चाललेला. केवळबाईच्या घरची म्हैस सकाळपासून चारा खाईना. पुढ्यात वाढं म्हणजे उसाचे हिरवेगार शेंडे टाकलेले, दुष्काळात सोन्यासारखं, आणि ही नुसती उभी. वास घ्यायची, मान वर करायची, हंबरायची. छावणीच्या कारकुनाला वाटलं, साथ आली. त्यानं गुरांच्या डॉक्टरला बोलावलं. डॉक्टरांनी म्हशीचं तोंड बघितलं, पोट बघितलं, ताप बघितला, सगळं ठीक. मग चारा नासलाय का बघायला गव्हाणीतलं वाढं बाजूला केलं, तर खाली पोरगी. तोंडात बोट घालून गाढ झोपलेली. डॉक्टर असे किंचाळले की छावणीतली चार जनावरं उधळली.

पूजा विहिरीवरच्या रेटारेटीला कंटाळून चपला विसरून म्हशीकडं गेली होती. ऊन लागलं म्हणून गव्हाणीत शिरली आणि वाढं अंगावर ओढून घेतलं. म्हशीनं चार तास तोंड लावलं नाही. उपाशी उभी राहिली, पण पोरीच्या अंगावरचं पान हललं नाही. गावात पोलीस मीच, पण पोरगी सांभाळली म्हशीनं.

छावणीतून निरोप आला तशी केवळबाई पळतच तिथं पोचली, मागं मी. तिनं पोरीला छातीशी धरलं, मग एक धपाटा घातला, मग पुन्हा छातीशी धरलं. आणि माझ्याकडं वळून विचारलं, "तिच्या आईला कळिवलं का हो?"

दोघींना मागं बसवून मोटारसायकल पिटाळत ठाण्यात आलो आणि फोन लावला. तोच क्लार्क म्हणाला, "गेले की साहेब. आणखी मजूर आणायला चौसाळ्याकडं ट्रक निघाला होता, त्यात बसवून दिलं. बाई लई आक्रोश करत होती."

ट्रकाला फोन कसा करणार? ती आई रात्रभर मेलेल्या लेकरासाठी रडत येणार होती, आणि लेकरू माझ्या टेबलावर बसून शाईच्या पॅडवर बोटं उमटवत होतं.

संध्याकाळी फौजदारसाहेब बंदोबस्तावरून आले. सगळं ऐकून त्यांनी टोपी काढून टेबलावर ठेवली. मग म्हणाले, "मोहरर, पहाटेची पहिली एसटी धरा. चौसाळ्याला हायवेवर उभे राहा, येईल तो ट्रक अडवा. आणि ती तुमची मयत बरोबर घ्या." तहसीलचं पत्र पुढं महिनाभरानं आलं ते असं, की प्रकरणासोबत शवविच्छेदनाचा अहवाल जोडलेला नाही, तरी तात्काळ जोडावा. ते उत्तर लिहायलाही मलाच बसवलं.

सकाळी चौसाळ्याच्या फाट्यावर मी, केवळबाई आणि पूजा. पूजा माझ्या खांद्यावर, माझी टोपी तिच्या डोक्यावर, हातात भज्यांचा पुडा. सोलापूरकडून ट्रक दिसला की मी आडवा व्हायचो. ड्रायव्हर कागद बाहेर काढायचे, "सगळं किलीअर हाय साहेब." मी म्हणायचो, "कागद नको, मागं कोण बसलंय ते सांग." एकानं मागं बसलेला बोकड दाखवला. एकानं खांद्यावरची पोरगी बघून विचारलं, "साहेब, नवीन भरती का?" केवळबाई मात्र एसटीच्या थांब्यामागं जाऊन बसली होती. म्हणत होती, "संगीता मला बघंल तर बेसुद पडंल. तुमीच सांगा. अन सांगून झालं की मला धरून न्या. माझ्यापाशी आता पोरगी ठिवनार न्हाई ती, अन बरोबरच हाय तिचं." तिला ना मूल ना बाळ, ना नवरा. ती पोरगी सोडली तर त्या बाईला घरात दुसरं होतं काय?

नवव्या ट्रकात ते होते. बाबू ड्रायव्हरशेजारी, संगीता मागं फळीला टेकून, पदर तोंडावर. तिनं वर बघितलंच नाही. पूजाच ओरडली, "आय! भजी!"

संगीतानं पदर काढला. पोरीकडं बघितलं, आणि ट्रकातून उतरली का पडली ते मला सांगता येत नाही. धुळीत बसून तिनं पोरीचे पाय चाचपले, हात चाचपले, टोपी मागं सारून केसांत नाक खुपसलं. बाबू ड्रायव्हरच्या गळ्यात पडून रडत होता, ड्रायव्हर बिचारा स्टिअरिंग धरून.

मी सगळं सांगितलं. काही लपवलं नाही. "न बघता लिहिलं मी. न बघता कळवलं मी." बाबू माझ्या अंगावर आला आणि दोन बोटांवर थांबला. म्हणाला, "तुमी खाकीत हाय म्हनून." टोपी काढून ठेवावी म्हटलं तर ती पोरीच्या डोक्यावर.

संगीताचा आवाज पार बसलेला. तिनं विचारलं, "आक्का कुटं हाय?" मी थांब्याकडं बोट केलं. ती हलली नाही. "काय म्हनली ती ठान्यात?"

प्रकरण मिटवायला आईबापांचा जबाब लागणार म्हणून फाईल माझ्या पिशवीत होती. मी वाचायला लागलो. ताब्यात माझ्याच होती. चूक माझीच. वेणी घालताना धपाटा घातला. गूळ खाल्ला. आणि शेवटचं ते, भावजयीला कुणी काही विचारू नका. कोर्टात ज्याला किंमत नाही असा तो कागद मी खालच्या अंगठ्यापर्यंत वाचला.

संगीता उठली, थांब्यामागं गेली. मीही चार पावलं मागं. केवळबाईनं मान खाली घातलेली.

"आक्का, येणी घालताना मी बी मारते तिला," संगीता म्हणाली. "लई हालती ती."

केवळबाईनं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं.

"रातभर मी तुला शिव्या दिल्या गं. साऱ्या ट्रकानं ऐकल्या. तुझं वाटुळं व्हावं म्हनले. आता त्या माघारी कशा घिऊ?" असं म्हणून ती रडायला लागली. त्या शिव्या माझ्या नावच्या होत्या, पण ते सांगायला मी तोंड उघडलं नाही, याची लाज वाटते.

ट्रक चौसाळ्याजवळच्या गावातून मजूर उचलून दुपारीच माघारी जाणार होता. संगीता डोळे पुसून म्हणाली, "पूजाला मी संगं नेते." केवळबाईचा चेहरा पार उतरला, पण तिनं मान हलवली. "ने बाई." तर संगीता म्हणते, "अन तू कशापायी बसली? ऊठ की. आमी फडात असल्यावर कोपीवर हिला कोन बघंल?"

"माझी लुगडी घरी हायेत."

"माझी नेस."

केवळबाई उठली. चार पावलं चालली आणि मधेच थबकली. "म्हैस!" छावणीचा नियम, जनावराबरोबर घरचं माणूस पाहिजे. गावात ह्यांचं दुसरं कुणी नाही. बाबू म्हणाला, "सोसायटीवाले बघतील." संगीता म्हणाली, "तिनं माझं लेकरू राखलं, तिला वाऱ्यावर सोडू का?" आणि माझ्याकडं वळली. "हवालदारदादा बघतील."

ड्रायव्हर हसला. मीही हसलो. ती हसली नाही.

"लिहून द्या."

फाट्यावरच्या हाटेलातल्या बाकड्यावर बसून मी लिहिलं. जप्तीची जनावरं ताब्यात देताना लिहितात तसा सुपुर्दनामा, फक्त घेणाऱ्याच्या जागी माझं नाव. म्हैस एक, रंग काळा, शिंगं मागं वळलेली, कपाळावर पांढरा ठिपका. सदर म्हशीची मी रोज जातीनं देखभाल करीन आणि तिच्या जिवाचं बरंवाईट झाल्यास त्याची सर्वस्वी जबाबदारी माझ्यावर राहील.

"वाचून दावा," संगीता म्हणाली.

वाचून दाखवलं. शेवटच्या ओळीला अडखळलो, तर तिनं ती ओळ पुन्हा वाचायला लावली. मग मी सही केली. कागद तिनं घडी घालून केवळबाईच्या हातात दिला आणि केवळबाईनं तो कमरेच्या पिशवीत नीट ठेवला.

सकाळपासून त्या बाईनं माझ्याकडं एकदाही नीट बघितलं नव्हतं. आता फळीवर पाय ठेवून माझ्याकडं वळली आणि चांगल्या खणखणीत आवाजात म्हणाली, "दुपारचं पानी इसरायचं न्हाई. अन पाठीवर हात फिरवून मग धार काढायची, न्हाई तर लाथ घालती." आणि पोरीला वर घ्यायला तिनं दोन्ही हात पुढं केले.